सावंतवाडी रोड रेल्वे स्टेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीअलीकडचं हे कोकण रेल्वेचं स्टेशन. तिकीट, पाऊस, गणपती आणि टर्मिनस या चार विषयांवर इथे सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून उत्तरंही त्यांचीच लांब आहेत. वेळा दर हंगामात बदलतात. प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडीचा नंबर टाकून त्या पुन्हा तपासाव्यात.

स्टेशन नेमकं कुठे आहे? शहरात का नाही?

स्टेशन मळगावात आहे, सावंतवाडी शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर. कोकण रेल्वेचा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेग डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला. त्यासाठी चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी नको, असं ठरलं. डोंगरउतारावर वसलेल्या गावांच्या मध्यात असा मार्ग शिरत नाही, तो बाजूने निघून जातो. राजापूर रोड, वैभववाडी रोड आणि संगमेश्वर रोड ही स्टेशनंही याच कारणाने आपापल्या गावांपासून लांब आहेत.

कुठे जायचं असेल तर इथे उतरावं?

सावंतवाडी शहर, आंबोली, बांदा, शिरोडा, रेडी, आरोंदा आणि वेंगुर्ल्याचा दक्षिण भाग यांना हे स्टेशन सोयीचं आहे. मालवण किंवा तारकर्लीला जाणाऱ्यांनी कुडाळला उतरावं. सावंतवाडीला उतरलात तर तेवढाच रस्ता मागे जावा लागेल. देवगडसाठी नांदगाव रोड किंवा कणकवली बरं पडतं, आणि हरमल-केरीकडे जायचं असेल तर पेडणे. हॉटेलवाल्याने ‘सावंतवाडीला उतरा’ सांगितलं तरी गावाचं नाव नकाशावर एकदा बघून घ्या. वेंगुर्ला तालुक्याच्या उत्तरेकडच्या गावांना कुडाळ जवळ आहे.

स्टेशनवरून शहरात जायला काय मिळतं?

दिवसा गाडी आली की बाहेर रिक्षा उभ्या असतात. भाडं बसण्याआधीच ठरवा. एसटी मिळते, पण बस गाडीसाठी थांबेल असं धरून चालू नका. खरी अडचण उशिरा आलेल्या गाडीची होते. संध्याकाळची गाडी रात्री अकराला पोचली तर बाहेर मोजक्याच रिक्षा उरतात, आणि शिरोडा-रेडीकडची एसटी तर सुटून गेलेली असते. पावसाळ्यात संध्याकाळच्या गाडीने येणार असाल तर गावातल्या रिक्षावाल्याला किंवा मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून ठेवा. गाडी मागे किती आहे हेही त्यांना कुडाळ आलं की कळवा.

रेल्वे इथे कधी आली?

डिसेंबर १९९६ मध्ये. पण मागणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै यांनी कोकणच्या रेल्वेचा प्रश्न संसदेत लावून धरला होता. त्यांच्यानंतर राजापूर मतदारसंघातून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. मुंबईकडून रूळ पुढे सरकत होते, पण फार सावकाश. आपट्याहून रोह्यापर्यंत यायला १९८६ साल उजाडलं, आणि पुढे काम अडलं ते पैशांपाशी.

तोडगा निघाला १९९० मध्ये. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीवर विसंबून न राहता वेगळं महामंडळ काढायचं आणि रोख्यांतून पैसा उभारायचा, असं ठरलं. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, तर गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के. ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाले. रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, खेडपर्यंत गाडी मार्च १९९५ मध्ये गेली, आणि तिथून सावंतवाडी रोडपर्यंत डिसेंबर १९९६ मध्ये.

मग गोव्यापर्यंत गाडी जायला आणखी वर्ष का लागलं?

पेडण्याच्या बोगद्यामुळे. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, म्हणजे रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यापुढे काहीच नाही. पण करबुड्याला कातळ होता, आणि कातळात यंत्राने भोक पाडता येतं, सुरुंग लावता येतो. पेडण्याला पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणलेला भाग पुन्हा पुन्हा कोसळत राहिला आणि त्यात कामगारांचे जीवही गेले. बाकी मार्ग तयार होता, हा एक तुकडा राहिला होता. त्यामुळे वर्षभराहून अधिक काळ मुंबईकडून येणारे रूळ सावंतवाडीपाशीच संपत होते. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते ठोकूर हा सगळा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. मे १९९८ पासून थेट गाड्या धावू लागल्या.

तो बोगदा अजूनही अधूनमधून त्रास देतो. ६ ऑगस्ट २०२० रोजी मडुरे आणि पेडण्याच्या दरम्यान त्याच्या भिंतीचा काही भाग पडला. जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल आल्याने दोन दिवस वाहतूक विस्कळीत झाली. सावंतवाडीहून गोव्याकडे जाणाऱ्यांना पावसात ‘पुढे रस्ता बंद’ ऐकावं लागतं, ते बहुतेक वेळा याच टापूमुळे.

इथे कोणत्या गाड्या थांबतात?

नेहमीच्या प्रवाशांच्या चार: दादरहून येणारी तुतारी एक्स्प्रेस (११००३/११००४), मुंबईहून मांडवी (१०१०३/१०१०४) आणि कोकणकन्या (२०१११/२०११२), आणि दिव्याहून सुटणारी दिवा-सावंतवाडी (१०१०५/१०१०६). तुतारी आणि दिवा गाडी इथेच संपतात आणि इथूनच सुटतात. ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे-मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडीही आहे. बोरिवली आणि वसईकडच्या लोकांना तिच्यामुळे दादर-पनवेलची धावपळ करावी लागत नाही.

जनशताब्दी इथे थांबत नाही. तिच्यासाठी कुडाळ किंवा थिवी गाठावं लागतं. २७ जून २०२३ रोजी सुरू झालेली मडगाव वंदे भारतही कणकवलीनंतर एकदम थिवीला थांबते.

दिवा गाडी दादरहून का सुटत नाही?

ती पहिल्यापासून दिव्याचीच आहे. दादरहून सुटायची ती रत्नागिरी पॅसेंजर, आणि करोनाकाळानंतर तिलाही दिव्यालाच थांबवलं. लोकलने दिव्याला उतरून जिना चढायचा आणि सामानासकट पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जायचं, याला गर्दीत वीस मिनिटं सहज लागतात. वसईकडून येणाऱ्यांना वसई-दिवा मेमूचा पर्याय आहे.

तुतारीच्या तारखेचा घोळ काय असतो?

तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे तारीख बदलल्यावर. शुक्रवारी जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं काढावं लागतं. शुक्रवारचं काढलं तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते, आणि गेलेल्या गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. कोकणकन्या उलट आहे. ती रात्री ११ नंतर, तारीख बदलण्याआधी मुंबई सोडते, म्हणून तिचं तिकीट निघायच्या दिवसाचंच.

गणपतीचं आरक्षण कधी उघडतं?

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवसांचं झालं आहे. आधी ते १२० दिवसांचं होतं. प्रवासाचा दिवस मोजायचा नाही, आणि तारीख गाडी मूळ स्टेशनवरून सुटते ती धरायची. चुकतं ते इथेच.

२०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. समजा १२ तारखेला गावी पोचायचं आहे. तुतारीचं तिकीट १२ सप्टेंबरचं, म्हणून आरक्षण १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडेल. कोकणकन्येने त्याच सकाळी पोचायचं तर ती ११ सप्टेंबरला मुंबईहून सुटणारी हवी, म्हणजे आरक्षण १३ जुलैला. पनवेलला चढणाऱ्यांच्या तिकिटावर १२ तारीख असेल, कारण गाडी तिथे मध्यरात्रीनंतर येते. तरी त्यांचंही आरक्षण १३ जुलैलाच उघडतं. पनवेलकर १४ जुलैला सकाळी बसतात आणि यादी आधीच भरलेली दिसते.

आणखी दोन गोष्टी. आरक्षण उघडल्यावर सुरुवातीचा वेळ ऑनलाइन फक्त आधार जोडलेल्या खात्यांसाठी राखलेला असतो, म्हणून खातं आठवडाभर आधी जोडून ठेवा. आणि प्रवाशांची नावं-वयं आधीच यादीत भरून ठेवा. आठ वाजता टंकत बसलात तर दोन मिनिटांत वेटिंग सुरू होतं.

तिकीट हुकलंच तर गणपती विशेष गाड्यांची वाट पाहा. २०२५ मध्ये रेल्वेने देशभर गणपतीसाठी ३८० फेऱ्या जाहीर केल्या आणि त्यातला मोठा हिस्सा मध्य रेल्वेचा होता. यातल्या बऱ्याच गाड्या सावंतवाडी रोडलाच संपतात. आरक्षण टप्प्याटप्प्याने उघडतं, आणि विशेष गाडीचं भाडं नेहमीच्या गाडीपेक्षा जास्त असू शकतं.

वेटिंग २०, दोन गाड्यांना. कोणती घ्यावी?

आकडा सारखा असला तरी यादी सारखी नसते. तुतारी इथेच संपते, म्हणून दादर ते सावंतवाडी हे तिकीट पूर्ण पल्ल्याचं आणि त्याची वेटिंग सर्वसाधारण यादीतली. कोकणकन्या आणि मांडवी मडगावपर्यंत जातात, आणि सावंतवाडी त्यांच्या वाटेवरचं स्टेशन आहे. अशा मधल्या स्टेशनांच्या तिकिटांना पुष्कळदा पूल्ड कोट्याची, म्हणजे मधल्या स्टेशनांसाठी एकत्र ठेवलेल्या जागांची, वेटिंग येते. या कोट्याच्या जागा थोड्या असतात आणि रद्द होणारी तिकिटंही कमी, त्यामुळे यादी हळू सरकते. आकडा सारखा असेल तर तुतारी घ्या.

वेटिंगचं तिकीट हातात घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. तत्काळसाठी आदल्या दिवशी एसीचं आरक्षण सकाळी १० ला आणि बाकीचं ११ ला उघडतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळलाही आधार लागतं.

जनरलचं तिकीट कुठल्याही गाडीला चालतं का?

नाही, आणि दंड बहुतेक इथेच बसतो. कोकणकन्या आता सुपरफास्ट आहे. २० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून ते ओळखता येतं. तिच्या जनरल डब्यात बसायला मेल-एक्स्प्रेसच्या तिकिटावर १५ रुपयांचा सुपरफास्ट अधिभार भरावा लागतो. मांडवी आणि तुतारीला तो लागत नाही. खिडकीवर गाडीचं नाव सांगूनच तिकीट मागा.

१९९ किलोमीटरपर्यंतचं अनारक्षित तिकीट त्याच दिवशी काढायचं, आणि ३ तासांच्या आत किंवा मिळेल त्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करायचा. २०० किलोमीटर आणि त्यापुढच्या प्रवासाचं तिकीट ३ दिवस आधीपर्यंत काढता येतं. मोबाइलवरून काढत असाल तर प्लॅटफॉर्मवर शिरण्याआधी काढा.

तिकिटावर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर का दिसतात?

कोकण रेल्वेच्या मार्गावर प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. बांधणीचा खर्च आणि कर्ज वसूल करण्यासाठी ही सोय केली होती. रोह्यापासून सावंतवाडी रोड साधारण ३६५ किलोमीटर आहे, पण भाड्याच्या हिशेबात ते पाचशेच्या वर जातं. मुंबई ते रोहा हा भाग मध्य रेल्वेचा, तिथे अंतर खरं तेवढंच. कर्ज काढून बांधलेल्या रेल्वेचे हप्ते पंचवीस वर्षांनंतरही कोकणच्या प्रवाशानेच भरायचे का, हा प्रश्न रास्त आहे.

गाडी स्टेशनाबाहेर किंवा रानात अर्धा तास का उभी राहते?

क्रॉसिंगसाठी. रोहा-वीर हा ४६.८ किलोमीटरचा तुकडा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे सावंतवाडीपर्यंत मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असली की दोघींपैकी एकीने स्टेशनात बाजूच्या लूपवर थांबायचं. लूपवर जाताना वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत उतरवावा लागतो. थांबणं, समोरची गाडी जाणं, सिग्नल मिळणं आणि पुन्हा वेग घेणं मिळून एका क्रॉसिंगला १५ ते २५ मिनिटं जातात. एक गाडी उशिरा आली की तिची ठरलेली सगळी क्रॉसिंग दुसऱ्या स्टेशनांवर ढकलली जातात, आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्याही मागे पडतात. दिवा गाडीला सगळ्यांनाच वाट द्यावी लागते, म्हणून ती सगळ्यात जास्त रखडते.

उपाय म्हणून खारेपाटण आणि आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं बांधली गेली. दोन स्टेशनांमधलं अंतर कमी झालं की थांबण्याचा वेळही घटतो. विद्युतीकरण पूर्ण झालं आणि २० जून २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. त्याने डिझेल वाचलं, पण एकेरी रुळावरून गाड्या काही जास्त जात नाहीत.

पावसाळी वेळापत्रक म्हणजे काय?

पावसात गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्याचं वेगळं वेळापत्रक. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं कमी केलं. त्या हंगामात वीर ते कणकवली वेगमर्यादा ताशी ७५ किलोमीटर आणि कणकवली ते उडुपी ९० होती. धो-धो पाऊस पडून पुढचं दिसेनासं झालं तर चालकाने ४० पर्यंत उतरायचं.

कारण डोंगरकाप. जांभा आणि माती पाणी पिऊन सैल होते, वरचा धोंडा सुटतो आणि रुळावर येतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ अशाच दरडीने कारवार-मुंबई विशेष गाडी घसरली आणि ५० हून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाडजवळ मत्स्यगंधा घसरली. त्यानंतर वेगावर बंधनं आली, उतारांना जाळ्या आणि गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेल्या) भिंती लागल्या, वाळ्याचं गवत लावलं गेलं. पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त असते. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांपाशी पुराचा इशारा देणारी यंत्रं आहेत.

प्रवाशाने लक्षात ठेवायचं ते एवढंच: या काळात मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या सावंतवाडीहून नेहमीपेक्षा लवकर सुटू शकतात, कधी तासभर. मे महिन्यात पाहिलेली वेळ डोक्यात ठेवून जूनमध्ये स्टेशनवर गेलात तर गाडी चुकेल. पुढची जोडणी असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा.

दरड पडून गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली तर?

मडगाव, लोंडा, मिरज, पुणे, पनवेल असा वळसा घेतात. म्हणजे सावंतवाडीसकट कोकणातली सगळी स्टेशनं सुटतात. तुमचं चढायचं किंवा उतरायचं स्टेशन सुटलं तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण आपोआप नाही. ऑनलाइन तिकीट असेल तर ठरलेल्या वेळेपासून ७२ तासांत टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरा आणि कारण निवडताना ‘गाडी वळवली’ हेच निवडा. गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात. खिडकीवरचं तिकीट मात्र खिडकीवर नेऊन द्यावं लागतं.

गाडी तुमच्या स्टेशनवर ३ तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि जायचं नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरा. गाडी गेल्यावर भरलेला अर्ज फेटाळला जातो.

टर्मिनसचं काय झालं?

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१५ मध्ये भूमिपूजन झालं. टर्मिनस म्हणजे नुसती पाटी नव्हे. गाड्या उभ्या करायला जादा मार्गिका, डबे धुवायला आणि तपासायला पिट लाइन, पाणी भरायची सोय, आणि जास्त गाड्या हाताळणारे प्लॅटफॉर्म लागतात. हे नसेल तर मुंबईहून आलेली गाडी इथे ठेवून देखभाल करून परत पाठवता येत नाही, म्हणून नव्या गाड्या मडगावला नेल्या जातात. गणपतीच्या वेळी इथे गाड्या संपतात, पण त्या मुख्यतः उभ्या राहून परत फिरतात. टर्मिनसला प्रा. मधु दंडवते यांचं नाव द्यावं, ही मागणी जुनी आहे.

पैसा का येत नाही, याचं उत्तर महामंडळाच्या रचनेत आहे. भारतीय रेल्वेच्या विभागाला अर्थसंकल्पातून थेट निधी मिळतो, महामंडळाला स्वतः उभारावा लागतो. अमृत भारत स्टेशन योजनेतून कोकण रेल्वेची स्टेशनं बाहेर राहिली, तीही त्यामुळेच. गोवा, कर्नाटक आणि केरळपाठोपाठ २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली आहे.

मग स्टेशनाचं दर्शनी रूप बदललं, ते कोणी केलं?

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने. रस्ता, प्रवेशद्वार आणि बाहेरचा परिसर त्यांनी सजवला. प्लॅटफॉर्म, रूळ आणि गाड्या यांचा त्या कामाशी संबंध नाही. बाहेरून स्टेशन देखणं झालं हे खरंच, पण थांबे त्याने वाढत नाहीत.

आंब्याच्या पेट्या सोबत नेता येतात का?

येतात, वजनाच्या मर्यादेत. स्लीपर आणि थ्री टायर एसीला माणशी ४० किलो, टू टायर एसीला ५० आणि सेकंड सीटिंगला ३५ किलो सामान मोफत. पेट्या त्यातच मोजल्या जातात. जास्त असतील तर गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी येऊन पार्सलची चौकशी करा. पेटीवर नाव आणि उतरायचं स्टेशन खडूने नव्हे, पक्क्या शाईने लिहा. अर्धा पिकलेला आंबा बंद डब्यात रातभर ठेवला तर मुंबईला पोचेपर्यंत खालचा थर दबतो. कडक फळ आणि भरपूर गवत, हेच बरं.

गाडीवर कार चढवून आणता येते का?

सावंतवाडीला नाही. कोलाड ते वेर्णे ट्रकांची रो-रो सेवा (भरलेले ट्रक रेल्वेगाडीवर चढवून नेण्याची) १९९९ पासून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर त्याच मार्गावर मोटारींसाठी सेवा सुरू झाली आणि तिला नांदगाव रोडचा थांबाही देण्यात आला. ठरावीक संख्येत मोटारी जमल्या नाहीत तर फेरी रद्द होऊ शकते, हे धरून बेत आखा.

ज्येष्ठांना सवलत आहे का?

ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि अजून सुरू झालेली नाही. खालचा बर्थ मिळण्यासाठी आरक्षण करताना वय मात्र बरोबर भरा. दिव्यांगांची सवलत चालू आहे.

तक्रार कुठे करायची?

प्रवासात असाल तर १३९ वर फोन किंवा रेल मदत. पीएनआर, डबा आणि नेमकी अडचण एका ओळीत सांगा: ‘एस-४, संडासात पाणी नाही, पुढचं स्टेशन कणकवली’. स्टेशनाचं नाव दिलं की माणूस कुठे पाठवायचा ते त्यांना कळतं.